छापील साहस आपल्या टेबलासाठी बदलताना: काय कापायचं, काय हलवायचं, कशाला हात लावायचा नाही

नकाशावही

रोल-प्लेइंग खेळाचं विकतचं साहस, म्हणजे तयार छापील कथानक, जसंच्या तसं चालवणं क्वचितच जमतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सरासरी पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) असते, आपल्या टेबलावर जी बसलीय ती बसलीय. नेमकी अडचण मांडते, उत्तरंही तितकीच नेमकी हवीत.

नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स पाचव्या आवृत्तीचे, 2014 ची पुस्तकं. साहस 4 ते 5 खेळाडूंसाठी, लेव्हल 1 ते 5. खेळाडू तीन: फायटर (लढवय्या), रोग (चोरपावलाचा), विझार्ड (जादूगार). क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा, नाही. सेशन अडीच तासांचं. पुस्तकात वीसेक एनपीसी (डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, चालवतो ती पात्रं), तीन डंजन (राक्षसांनी भरलेली भुयारं), आणि एक खलनायक जो शेवटच्या प्रकरणापर्यंत दिसतच नाही.

आधी काय बदलायचं? आणि कशाला हात लावला की पुढे सगळा डोलारा कोसळतो?

वीसबाजू

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याला हात घालू नका. घरात भिंत पाडायची तर आधी भार कुठल्या भिंतीवर आहे ते बघतात. इथेही तेच.

पहिलं वाचन सलग करा, पण स्टॅट ब्लॉक (राक्षसांच्या आकड्यांचे तक्ते) आणि खोल्यांची वर्णनं सरळ सोडून द्या. चारच गोष्टी टिपायच्या: कोणाला काय हवंय, ते अजून का मिळालेलं नाही, मिळवायला तो पुढे काय करणार, आणि खेळाडूंना हे सगळं कुठून कळणार. एका पानात मावलं पाहिजे. चौथी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत नीट दिलेलीच नसते. खलनायकाचा दोन पानी इतिहास असतो, पण तो पार्टीच्या कानावर पडायची वाट कुठेच नसते.

दुसरं वाचन उलटं, शेवटच्या प्रकरणाकडून पहिल्याकडे. प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न: इथे पोचताना पार्टीच्या हातात काय असावंच लागतं? एखादी वस्तू, एखादं नाव, एखादी वाट, एखादा जिवंत माणूस. जी यादी होईल त्या भाराच्या भिंती. बाकी सगळं बिनधास्त कापा.

उदाहरण घ्या. पाचव्या प्रकरणातला दरवाजा एका मोहरेने उघडतो. मोहर दुसऱ्या प्रकरणातल्या सरदाराच्या पेटीत. तुम्ही तो सरदार 'लढाई जड होतेय' म्हणून काढून टाकला. पार्टी दरवाज्यापुढे उभी राहीपर्यंत दोन महिने गेलेले असतात आणि मोहर जगातच नसते. सरदार खुशाल काढा, पण पेटी त्याच दिवशी दुसऱ्या कोणाच्या तरी खोलीत ठेवा.

यासाठी बदलवही हवी. तीन रकाने: पान क्रमांक, काय बदललं, आणखी कुठे उल्लेख आहे. तिसरा रकाना भरायला पीडीएफमध्ये नाव शोधा, पण तेवढ्यावर थांबू नका. तोच माणूस कुठे नुसता 'सरदार', कुठे 'कैदी', कुठे 'मालकिणीचा भाऊ' म्हणून येतो. हुद्दा आणि नातं शोधल्याशिवाय सगळे उल्लेख सापडत नाहीत.

फासेमोजणी

लढायांचं मी सांगतो. 2014 च्या गणितात पहिल्या लेव्हलला खाचखळगे फार आहेत.

लढाई किती जड ते राक्षसांच्या एकूण एक्सपीवर (अनुभवगुणांवर) ठरतं. पहिल्या लेव्हलला दर पात्रामागे मर्यादा अशा: सोपी 25, मध्यम 50, अवघड 75, प्राणघातक 100 एक्सपी. तीन पात्रं असली तर मध्यम 150 आणि प्राणघातक 300. गोब्लिन 50 एक्सपीचा. राक्षसांची संख्या वाढली की एकूण एक्सपीला गुणक लागतो: दोघांना दीडपट, तीन ते सहांना दुप्पट. म्हणजे दोन गोब्लिन = 100 × 1.5 = 150, बरोब्बर मध्यम. तीन गोब्लिन = 150 × 2 = 300, थेट प्राणघातक. एक गोब्लिन जास्त आला आणि 'अवघड'ची पायरी गाळून लढाई वरच्या टोकाला गेली. पुस्तकात चार गोब्लिन छापले असतील तर तीन जणांच्या पार्टीपुढे दोनच ठेवा. तिसरा आणायचाच असेल तर मागून, तिसऱ्या फेरीत, शिंग फुंकत.

यामागचं कारण असं की एका फेरीत कोणती बाजू किती वेळा हात चालवते, यावर निम्मी लढाई ठरते. पाच जणांची पार्टी एका फेरीत पाच कृती करते, तिघांची तीन. समोर चार असले की सुरुवातीलाच तूट.

दुसरा खड्डा म्हणजे एकटा दांडगा राक्षस. ओगरच्या एका फटक्याचं नुकसान 2डी8+4 (आठ बाजूंचे दोन फासे, अधिक 4), सरासरी 13. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) समजा 7. शून्यावर आल्यावर उरलेलं नुकसान कमाल हिट पॉइंटइतकं झालं तर पात्र जागच्या जागी मरतं, डेथ सेव्ह (जीव वाचवायचा फासा) नाहीच. म्हणजे 14 नुकसान पुरे, त्यासाठी 2डी8 वर 10 किंवा जास्त यायला हवेत. 64 पैकी 28 शक्यता, जवळपास 44 टक्के. लागलेल्या दर दोन-अडीच फटक्यांमागे एक मृत्यू, तोही कॅम्पेनच्या पहिल्या दिवशी. दुसऱ्या लेव्हलच्या आत ओगर आणू नका. आणलाच तर झोपलेला, बांधलेला किंवा लाच घेणारा असू द्या.

नकाशावही

पुढच्या लेव्हलचं एक उदाहरण द्याल? दुसऱ्या डंजनमध्ये 1 ओगर आणि 4 गोब्लिन एकत्र आहेत, पार्टी तेव्हा लेव्हल 3.

फासेमोजणी

ओगर 450, गोब्लिन 4 × 50 = 200, एकूण 650. पाच राक्षस, गुणक 2, म्हणजे 1300. लेव्हल 3 च्या मर्यादा दर पात्रामागे 75, 150, 225, 400. पाच जणांसाठी अवघड 1125 आणि प्राणघातक 2000, तेव्हा लेखकाने 'अवघड' लढाई लिहिली. तिघांसाठी प्राणघातक 1200 ला सुरू होते, म्हणून तीच लढाई तुमच्याकडे प्राणघातक.

दोन गोब्लिन काढा: 550 × 2 = 1100, पुन्हा अवघड. लेखकाच्या मनात होतं तेवढंच दडपण, तीन जणांच्या मापात.

2024 चं डीएम गाइड वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्यात संख्येचा गुणक काढून टाकलाय. लेव्हल 3 च्या तीन पात्रांना कमी 450, मध्यम 675, जास्त 1200. त्या हिशेबाने हीच 650 ची लढाई मध्यमच्या आत बसते. एका पुस्तकाचं 'प्राणघातक' दुसऱ्याचं 'मध्यम'. एका आवृत्तीचं साहस दुसरीच्या तक्त्याने तोलायचं असेल तर निकाल आंधळेपणाने मानू नका, तुमची पार्टी आणि समोरचे एका फेरीत किती कृती करतात ते बोटांवर मोजा.

कंदील_विझला

एक शंका. संख्या कमी करण्यापेक्षा सगळ्यांचे हिट पॉइंट कमी केले तर? दृश्य तसंच राहतं, पाच शत्रूंची झुंड दिसते.

फासेमोजणी

दोन्हींचा परिणाम वेगळा. पहिल्या फेरीचा मार संख्येवर ठरतो, लढाई किती लांबते ते हिट पॉइंटवर. तिघांची पार्टी मरते ती बहुधा पहिल्या दोन फेऱ्यांत, तेव्हा शत्रूंचे हिट पॉइंट कमी असून नसून सारखेच.

पण अडीच तासांच्या सेशनला हिट पॉइंट कमी करणं फार कामाचं. ओगरचे 59 हे 7डी10+21 ची सरासरी आहे. 28 ते 91 मधला कुठलाही आकडा नियमातच बसतो. तिघेजण 75 टक्के वेळा नेम साधतात आणि दर वेळी 8 नुकसान करतात असं धरा, तर एका फेरीत 18. 59 चा ओगर चौथ्या फेरीत पडतो, 40 चा तिसऱ्या. एक फेरी वाचली की टेबलावर चांगली दहा मिनिटं वाचतात.

आकडा मात्र लढाईआधी ठरवा आणि वहीत लिहा. लढाई रंगात आल्यावर मनातल्या मनात 20 वाढवायचे किंवा उतरवायचे, हे खेळाडूंना दिसत नसलं तरी जाणवतं. एकदा जाणवलं की मग ते डाव आखतच नाहीत.

दुसरी_पहारा

अडीच तासांच्या सेशनवरून आठवलं, विश्रांतीचं गणित कोणी काढलं नाही अजून. 2014 चे नियम दिवसाला 6 ते 8 मध्यम किंवा अवघड लढाया धरून लिहिलेत. वेळ कमी म्हणून आपण सहातल्या दोनच ठेवतो. मग विझार्ड प्रत्येक लढाईत सगळ्यात मोठे मंत्र टाकतो, कारण रात्री झोपला की सगळे परत मिळतात. फायटर आणि रोगच्या खेळाडूंना दुय्यम वाटायला लागतं आणि डीएमला वाटतं की राक्षस कमजोर पडले. मग तो राक्षस वाढवतो आणि पहिल्या फेरीतच कोणीतरी मरतं.

उपाय राक्षसात नाही, झोपेत आहे. लाँग रेस्ट कुठे मिळेल ते सुरुवातीलाच सांगून टाका: गावात किंवा ज्या जागेला चार भिंती आणि पहारा आहे अशा ठिकाणीच. डंजनमध्ये फक्त एक तासाची शॉर्ट रेस्ट. मग एक 'दिवस' तीन सेशन चालला तरी हरकत नाही. सेशन संपताना हिट पॉइंट आणि उरलेले मंत्र कागदावर लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी सगळे ताजेतवाने होऊन बसतात.

आणि क्लेरिक नाही म्हणताय, तर बरं होण्याची सोय खजिन्यातच पेरा. हीलिंग पोशन 2डी4+2, सरासरी 7, दर प्रकरणात दोन-तीन. मंत्रांचे स्क्रोल ठेवायचा मोह टाळा. 2014 च्या नियमात मंत्र आपल्या क्लासच्या (फायटर, विझार्ड वगैरे) यादीत नसेल तर स्क्रोल वाचताच येत नाही, त्यामुळे विष-रोग उतरवणाऱ्या 'लेसर रिस्टोरेशन'चा स्क्रोल या पार्टीला शोभेचा कागद. त्याऐवजी रिस्टोरेटिव्ह ऑइंटमेंटची एक डबी द्या. 1डी4+1 वेळा वापरता येते, 2डी8+2 हिट पॉइंट भरून येतात, विष आणि रोग उतरतो, आणि ती कोणीही लावू शकतं.

कंदील_विझला

बरा करणारा एनपीसी सोबत दिला तर?

दुसरी_पहारा

देता येतो, पण तो चालवणार कोण हा खरा प्रश्न. डीएमने चालवला की डीएम स्वतःशीच बोलत बसतो आणि अडलं की सगळे त्याच एनपीसीच्या तोंडाकडे बघतात. 2019 च्या इसेन्शियल्स किटमध्ये साइडकिकचे (सोबती पात्राचे) सुटसुटीत नियम आहेत, त्यातला मंत्र टाकणारा साइडकिक फायटरच्या खेळाडूच्या हाती द्या. कृती मोजताना त्याला चौथा धरा.

भुयारवाट

लढायांवर पुष्कळ झालं. साहस खरं अडतं ते माहितीवर, आणि तेही छापील मजकुरातल्या एका वाक्यामुळे: 'डीसी 15 चा परसेप्शन जमला तर गुप्त दार सापडतं.' (डीसी म्हणजे वीस बाजूंच्या फाशाने गाठायचा आकडा, परसेप्शन म्हणजे टेहळणीचं कौशल्य.) त्या दारामागेच पुढची गोष्ट असेल तर?

आकडे बघा. मॉडिफायर (फाशात मिळवायची कौशल्याची भर) +3 असेल तर डीसी 15 ला 12 किंवा जास्त लागतात, 45 टक्के. पाच जण फासे टाकतात तेव्हा निदान एकाचा तरी लागण्याची शक्यता 95 टक्के, म्हणून लेखकाला अडचण दिसलीच नाही. तिघांमध्ये ती 83 टक्के. सहातून एकदा साहस तिथेच ठप्प. उलट जिथे सगळ्यांनाच यश हवं, जसं दबकत जाणं, तिथे तिघांना मिळून 9 टक्के आणि पाच जणांना 2 टक्क्यांहून कमी. तिथे ग्रुप चेक वापरा, निम्म्या किंवा जास्त जणांना जमलं की सगळे निसटले.

म्हणून वाचताना प्रत्येक डीसीपाशी थांबून विचारा: हुकलं तर गोष्ट पुढे जाते का? जात असेल तर डीसी राहू द्या. जात नसेल तर दार सापडणारच, आणि फासा फक्त किंमत ठरवेल. जमला तर गुपचूप सापडलं, हुकला तर दगड सरकताना आवाज झाला आणि पलीकडचे सावध झाले.

भाराच्या प्रत्येक माहितीला तीन वेगवेगळ्या वाटा द्या, आणि तिन्ही एकाच खोलीत ठेवू नका. तिन्ही एकाच प्रकारच्याही नकोत. एक वस्तू (चिखलाचे बूट, मोहर, अर्धवट जळलेलं पत्र), एक माणूस, एक जागा. तिन्ही पत्रंच असली आणि पार्टीने घर पेटवून दिलं तर तिन्ही गेली.

वीस एनपीसींचं ओझंही इथेच हलकं होतं. प्रत्येकापुढे त्याचं काम लिहा: माहिती देतो, अडवतो, वस्तू देतो, काम सोपवतो. मग एकाच बाजूच्या दोघातिघांना एकात मिसळा. वीसचे आठ-नऊ होतात आणि खेळाडूंना नावंही लक्षात राहतात. फक्त गद्दार आणि काम सोपवणारा एक करू नका. पहिल्या प्रकरणात गद्दाराकडे बोट दाखवणाऱ्या खुणा असतात, त्या अकाली फुटतात आणि त्याच्याकडून काम घ्यायला कोणी तयार होत नाही.

वीसबाजू

भुयारवाटांच्या प्रतिसादाला जोडून, चौकटीतल्या मजकुराबद्दल. खेळाडूंना वाचून दाखवायची छापील वर्णनं डोळ्यांनी वाचायला लिहिलेली असतात, कानाने ऐकायला नाही. साधारण या थाटाची:

'प्राचीन, शेवाळलेल्या दगडी कमानीखालून तुम्ही आत येता तेव्हा शतकानुशतकांचा कुबट वास तुम्हाला वेढतो. भिंतींवर विसरलेल्या राजांची शिल्पं आहेत. मध्ये कोरडा हौद आहे. उजवीकडे एक मोडका जिना वर जातो, डावीकडे लोखंडी दार आहे, आणि हौदाच्या काठावर बसलेली आकृती पाहून तुमच्या अंगावर काटा येतो.'

यातून काढायचं काय? आधी 'तुमच्या अंगावर काटा येतो'. पात्राला काय वाटतं ते खेळाडू ठरवेल. राजांची शिल्पं पुढे कामाला येत नसतील तर तीही. मग क्रम लावा: जागा, वाटा, आणि हलणारी किंवा धोक्याची गोष्ट अगदी शेवटी, कारण खेळाडू शेवटी ऐकलेल्या गोष्टीवर बोलतात.

'गोल खोली, मध्ये कोरडा हौद. उजवीकडे मोडका जिना, डावीकडे लोखंडी दार. हौदाच्या काठावर कोणीतरी पाठमोरं बसलंय, आणि ते गुणगुणतंय.'

एवढं बोलून थांबा. वास, शेवाळं, शिल्पं कोणी विचारलं की सांगा.

साखळदंड

वाचतेय. एक विचारू का? 1980 च्या आसपासची मॉड्यूल (तेव्हाची छापील साहसं) पाचव्या आवृत्तीत चालवायची असतील तर आकडे कसे बदलायचे?

कंदील_विझला

आकडे बदलू नका, राक्षस बदला. जुना आर्मर क्लास (नेम लागणं किती अवघड त्याचा आकडा) उलटा चालतो, जितका कमी तितका चांगला. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तो 20 मधून वजा करायचा, बेसिकमध्ये 19 मधून (या खेळाच्या तेव्हाच्या दोन आवृत्त्या), कारण एकात चिलखत नसलेल्या माणसाचा 10 आणि दुसऱ्यात 9. पण एवढं करूनही हिट पॉइंट आणि नुकसान जुळत नाही. त्याच नावाचा पाचव्या आवृत्तीतला स्टॅट ब्लॉक उचला आणि संख्या फासेमोजणींच्या पद्धतीने बसवा. जुन्या मॉड्यूलमध्ये एका खोलीत वीस-वीस ऑर्क असतात, ते पळतील किंवा बोलणी करतील असं धरूनच लिहिलेलं. म्हणून 1981 च्या बेसिकमधला मोराल (धीर) नियम सोबत आणा: पहिला साथीदार पडला की आणि निम्मे पडले की 2डी6 टाका. राक्षसाच्या मोरालपेक्षा जास्त आले तर ते लढाई सोडतात. हा नियम पाचव्या आवृत्तीत काहीही न मोडता बसतो.

विष चढलं की 'सेव्ह (बचावाचा फासा) हुकला, मेला' असं जिथे असेल तिथे नुकसानाचे फासे घाला. 2014 च्या तक्त्यात लेव्हल 1 ते 4 साठी सापळ्याचं नुकसान 1डी10, 2डी10 आणि प्राणघातक असेल तर 4डी10.

आणि सोनं. हे कोणी बदलत नाही आणि नेमकं तेच बिघडतं. जुन्या नियमात एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी मिळायचा, म्हणून खजिने भरभक्कम. पाचव्या आवृत्तीत सोन्याला एक्सपी नाही. तेवढं सोनं तसंच दिलं तर दुसऱ्या लेव्हलचा फायटर 1500 सोन्याच्या नाण्यांचं प्लेट चिलखत घेऊन येतो. चेन मेलच्या (कड्यांच्या चिलखताच्या) आर्मर क्लास 16 ला गोब्लिनचा नेम 45 टक्के लागायचा, प्लेटच्या 18 ला 35. सोन्याची नाणी चांदीची करा, म्हणजे दहावा हिस्सा, आणि लेव्हल प्रकरण संपल्यावर द्या.

नकाशावही

बदलवही सुरू केलीय. खलनायक मात्र अजून शेवटच्याच प्रकरणात बसलाय.

भुयारवाट

त्याला आधी आणायचं ते त्याच्या कामातून, त्याच्या तोंडातून नाही. प्रत्यक्ष समोर आणला की खेळाडू हल्ला करतात. मग तो मरतो, किंवा तुम्हाला त्याला जबरदस्तीने पळवावं लागतं. दोन्ही वाईट.

वीसबाजूंनी सांगितलेल्या पानावरची तिसरी गोष्ट घ्या, तो पुढे काय करणार. तिला तारखा लावा. पार्टीने काहीच केलं नाही तर: चौथ्या दिवशी गिरणी बंद पडते, नवव्या दिवशी पहारेकऱ्यांचा नायक बदलतो, पंधराव्या दिवशी पूल त्याच्या ताब्यात. प्रत्येक टप्पा पार्टीला दिसेल अशा ठिकाणी घडवा. पार्टीला न दिसणारं घड्याळ चालवलं तर पूल गेल्यावर ते शिक्षा वाटते.

पार्टीने टप्पा हाणून पाडला तर त्याच्या पुढच्या तारखा तीन-चार दिवस ढकला आणि एक टप्पा बदलून टाका. पूल मिळाला नाही तर नावा जाळेल. आणि प्रत्येक टप्प्यावर तीच एक खूण राहू द्या: तेच हिरवं मेण, तोच डाव्या हाताचा तिरका अक्षरलेख. शेवटच्या डंजनमध्ये टेबलावर हिरव्या मेणाची कांडी दिसली की नाव सांगावं लागत नाही.

नकाशावही

गिरणी आमच्या साहसात पहिल्याच प्रकरणात आहे, आणि मोहरेची पेटी हलवायला जागा शोधतच होते. पेटी गिरणीच्या मालकाकडे, वर हिरवं मेण. तो जिवंत राहिला पाहिजे एवढं बदलवहीत लाल शाईने लिहिलंय.

वीसबाजू

तो मेला तर पेटी कोणाकडे जाते, तेही आत्ताच त्याच्या शेजारी लिहून ठेवा.